आधीच ठेवलेली नावे आणि त्यांची टीका

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सत्रात आमच्या महाविद्यालयातील बी.बी.ए. (सी.ए.) विभागाच्या एक सहकारी मराठी विभागात आल्या. त्यांच्या हातात चार पानांची एक टिपणवजा पुस्तिका होती. "मॅडम, एवढं शुद्धलेखन तपासून द्याल का? मुलांना इंग्रजीतून समजत नाही म्हणून मराठीत केलंय," असे म्हणून त्या तासाला निघून गेल्या. पुस्तिकेचा विषय होता पीएचपी ही संकेतस्थळे चालवणारी भाषा आणि तिच्यातील 'पूर्वनिर्धारित वैश्विक चर'. पहिलेच वाक्य असे होते : "अतिवैश्विक चर हे सर्व व्याप्तींमध्ये नेहमी उपलब्ध असणारे अंगभूत चर आहेत."

शुद्धलेखनाच्या दृष्टीने या वाक्यात एकही चूक नाही. ऱ्हस्वदीर्घ ठीक, विभक्ती ठीक, क्रियापद कर्त्याशी जुळलेले. तरी ते वाक्य मराठी नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'व्हेरिएबल'ला 'चर' हा हिंदी प्रतिशब्द घुसला होता. मराठीत चर म्हणजे पाणी जाण्यासाठी किंवा पाया घेण्यासाठी खणलेला लांबट खड्डा. आमचे विद्यार्थी दहावीच्या बीजगणितात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' सोडवून आलेले असतात, म्हणजे 'चल' हा शब्द त्यांच्या गाठीशी असतो. तो कोणी वापरला नव्हता. आता 'अतिवैश्विक खड्डे नेहमी उपलब्ध असतात' हे विधान पुणे-नाशिक रस्त्याने मोशीहून चाकणला रोज जाणाऱ्या माणसाला वेगळ्या अर्थाने पटेल, ते असो.

मी 'चर'चा 'चल' केला, 'वैश्विक'चे 'सार्वत्रिक' केले आणि पुस्तिका परत द्यायला निघाले. मग वाटले, आपण हे जे केले ते फसवे आहे. शब्द बदलले, पण वाक्याने काय सांगितले हे मला तरी कुठे कळले आहे? ज्या मजकुराचा अर्थ मला लागलेला नाही त्याच्यावर मी 'तपासले' असा शेरा मारणार होते. मराठीचे प्राध्यापक म्हणून आपल्याकडे येणारी अशी कामे आपण सर्रास याच पद्धतीने करतो, हे कबूल करायला हरकत नसावी. त्या पुस्तिकेच्या निमित्ताने पुढचे दोन महिने मी एका परक्या विषयात डोके घातले. तिथे मला आपल्याच विषयाचा एक जुना प्रश्न भेटला, म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या संकेतपृष्ठासाठी काही छोटी साधने लिहिली आणि १९९५च्या जूनमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पीएचपीचा जन्म तो. संकेतपृष्ठावर एखादा अर्ज असतो : नाव, पत्ता, बैठक क्रमांक. पाहुणा तो भरतो आणि पाठवतो. पाठवलेला मजकूर प्रोग्रॅमच्या हाती कसा द्यायचा? आरंभीच्या पीएचपीने यावर फार सोयीचे उत्तर काढले. अर्जातल्या रकान्याचे जे नाव, त्याच नावाचे चल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार व्हायचे. रकान्याचे नाव 'गाव' असेल तर 'गाव' नावाचे चल आयते हजर. नवशिक्याला याहून सुखाची गोष्ट कोणती?

पण या सुखाचा दुसरा अर्थ असा की, प्रोग्रॅमच्या संहितेत कोणती नावे अस्तित्वात येतील हे बाहेरचा माणूस ठरवू शकत होता. समजा, लेखकाने संहितेत कुठे तरी 'मान्य' नावाचे चल योजले आहे आणि परवलीचा शब्द बरोबर आला तरच त्याला 'होय' हे मूल्य द्यायचे, असा त्याचा बेत आहे. शब्द चुकला तर काय, याचा उल्लेख करायचे तो विसरला. आता पाहुण्याने पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्हापुढे 'मान्य बरोबर होय' एवढे स्वतःच लिहिले, की झाले. पात्राच्या तोंडचे वाक्य लेखकाऐवजी प्रेक्षागृहातून कोणी तरी म्हणावे आणि नाटक त्याप्रमाणे पुढे जावे, तसा हा प्रकार.

डिसेंबर २००१मध्ये आलेल्या ४.१.० या आवृत्तीने यावर तोड काढली. बाहेरून आलेला मजकूर सुटा न सोडता ठरावीक नावांच्या पेटाऱ्यांत ठेवायचा. पत्त्याच्या ओळीतून आला तर 'गेट' या पेटाऱ्यात, अर्जाच्या पोटातून आला तर 'पोस्ट'मध्ये, पाहुण्याच्या ब्राउझरने आठवणीत ठेवलेली चिठ्ठी 'कुकी'मध्ये. असे एकूण नऊ पेटारे आहेत. 'सर्व्हर', 'फाइल्स', 'सेशन', 'रिक्वेस्ट', 'एन्व्ह' आणि 'ग्लोबल्स' हे उरलेले सहा. संहितेत कुठेही, कोणत्याही फंक्शनच्या आत, वेगळी परवानगी न मागता यांना हाक मारता येते, म्हणून ते 'सुपरग्लोबल'. एप्रिल २००२च्या ४.२.० आवृत्तीपासून नावे आपोआप जन्माला घालण्याची जुनी सोय मुळातच बंद स्थितीत येऊ लागली, २००९मध्ये ५.३ने तिला निरोपाची सूचना दिली आणि २०१२च्या ५.४मध्ये ती कायमची गेली. एक सोय काढून टाकायला दहा वर्षे लागली. ज्यांनी शुद्धलेखनाच्या नियमांच्या बदलाचा इतिहास वाचला आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते हे की, बदल झाला तो नावांत झाला. मजकूर तोच, पाहुणा तोच. पण आता चलाच्या नावातच त्याचे कूळ सांगितलेले असते. 'गाव' म्हणून चालत नाही, 'पोस्टातले गाव' म्हणावे लागते. नाव म्हणजे साक्षीदाराचा उल्लेख झाला. लीळाचरित्राच्या हस्तलिखित-परंपरेत अमुक पाठ कोणाचा, कोणाच्या सांगण्यात काय वेगळे आहे, याच्या नोंदी आढळतात. म्हाइंभटांना लीळा जितकी मोलाची, तितकेच ती कोणाकडून आली हेही मोलाचे होते. संगणकाच्या कारागिरांना हे शहाणपण सात-आठ वर्षांच्या ठेचा खाऊन आले.

आता आमच्या पुस्तिकेकडे येऊ. तिच्यात नऊही पेटाऱ्यांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एका ओळीचा अर्थ. 'सर्व्हर'पुढे लिहिले होते : "सर्व्हरविषयीची माहिती साठवणारा चर." हे वाचून विद्यार्थी काय समजेल? सर्व्हर आपला, म्हणजे माहिती आपली, म्हणजे विश्वासाची. प्रत्यक्षात हा पेटारा सर्वांत फसवा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या तोंडांचे बोलणे एकत्र ठेवलेले असते. संहितेची फाइल डिस्कवर कुठे आहे, विनंती कोणत्या क्षणी आली, हे सर्व्हर स्वतः सांगतो. पण ज्या नोंदींची नावे 'एचटीटीपी' या अक्षरांनी सुरू होतात त्या पाहुण्याच्या ब्राउझरने पाठवलेल्या असतात. ब्राउझर कोणता, भाषा कोणती हवी, कोणत्या पानावरून आलात, हे सारे पाहुण्याचे म्हणणे. ते खरे असेल, खोटेही असेल.

त्यातही एक नोंद आमच्यासारख्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. 'कोणत्या पानावरून आलात' हे सांगणारी नोंद म्हणजे 'रेफरर'. इंग्रजीत या शब्दाच्या मध्यावर 'आर' दोनदा येतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तो एकदाच पडला आणि तीच चूक जगभर प्रमाण झाली. आज जो विद्यार्थी हा शब्द शुद्ध लिहील त्याचा प्रोग्रॅम चालणार नाही. देवनागरीत लिहिताना ही चूक दिसतही नाही, त्यामुळे मराठी पुस्तिकेत ती वेगळी सांगावीच लागते. मूळ इंग्रजी संदर्भग्रंथ या नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही असे स्पष्ट बजावतो. आमच्या पुस्तिकेत भाषांतर करताना नेमके तेच वाक्य जागेअभावी गाळले होते.

याहून गंभीर उदाहरण 'पीएचपी_सेल्फ' या नोंदीचे. नाव 'सेल्फ', म्हणजे चालू संहितेचे स्वतःचे नाव. अर्ज भरून झाल्यावर त्याच पानाकडे परत पाठवायचा असेल तर अर्जाच्या पत्त्याच्या जागी ही नोंद जशीच्या तशी छापायची, असा नमुना प्रात्यक्षिकाच्या वह्यांत वर्षानुवर्षे उतरवला जातो. आमच्या पुस्तिकेतही होता. पण पत्त्यात फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन पाहुण्याने आणखी काही लिहिले, तर तेही या 'स्वतःच्या' नावात येऊन बसते. तो मजकूर न गाळता पानावर छापला, की परक्याने लिहिलेली संहिता आपल्या पानात चालू लागते. म्हणजे 'स्व' म्हणून ज्याची ओळख करून दिली त्याच्या शेपटाला 'पर' चिकटलेला आहे. आपल्या वर्गात आपण निवेदक आणि लेखक वेगळे, निवेदकाचा शब्द प्रमाण धरू नका, असे घसा कोरडा करून सांगतो. शेजारच्या वर्गात नेमक्या याच भेदावर कोणाच्या तरी बँकखात्याची सुरक्षितता अवलंबून असते, याची आपल्याला कल्पनाही नसते.

माझा आक्षेप असा की, ही पुस्तिका कोशाच्या घाटात लिहिली गेली, आणि या विषयाला कोशाचा घाट मानवत नाही. कोशात नाव आणि त्याचा अर्थ असतो. इथे लागते ती टीका, म्हणजे ज्ञानेश्वरी ज्या अर्थाने टीका आहे त्या अर्थाची : हा शब्द इथे कोणी ठेवला, तो कोठपर्यंत चालतो, कोठे संपतो, आणि संशय आला तर निर्णय कसा करायचा.

या बाबतीत आपली परंपरा दरिद्री नाही. पाणिनीची अष्टाध्यायी म्हणजे सुमारे चार हजार सूत्रांचा असा ग्रंथ, ज्यात एकही सूत्र एकट्याने वाचून कळत नाही. आधीच्या सूत्रांतले शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिता चालू राहतात, ती अनुवृत्ती. काही शब्द तर एका जागी घोषित होतात आणि शेकडो सूत्रांवर त्यांची सत्ता चालते, तो अधिकार. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादारंभी सुरू झालेला 'अंग' हा अधिकार सातव्या अध्यायाच्या अखेरीस संपतो. मधल्या एखाद्या सूत्रावर बोट ठेवून 'इथे अंग कुठे लिहिले आहे?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याची आणि 'हे पोस्ट कुठे घोषित केले आहे?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण एकच आहे. दोघांनाही डोळ्यांपुढच्या ओळीत नसलेली गोष्ट तिथे आहे असे धरून वाचायचे असते.

आणि आधीच ठेवलेल्या नावांतून गोंधळ होतो, हेही जुनेच. चौदा शिवसूत्रांच्या शेवटच्या खुणेच्या अक्षरांवरून वर्णगटांची नावे बनतात. त्यात 'ण्' ही खूण दोनदा आली आहे, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्याच्या शेवटी. मग 'अण्' म्हणजे अ, इ, उ एवढेच, की सगळे स्वर आणि शिवाय ह, य, व, र, ल? ग्रंथात उत्तर नाही. पतंजलीने हा प्रश्न घेतला आणि त्याचा आशय असा आहे की संशय आला म्हणून नियम टाकाऊ ठरत नाही, निर्णय व्याख्यानाने होतो. परंपरेने मग एक सूत्र सोडून सर्वत्र 'अण्' पहिल्या खुणेपर्यंत धरला. असे निर्णय ज्या परिभाषांनी होतात त्यांचा संग्रह अठराव्या शतकात काशीच्या नागेशभट्टाने, म्हणजे काळे आडनावाच्या मराठी माणसाने, परिभाषेन्दुशेखरात केला, आणि तो संपादून इंग्रजीत आणला फ्रान्झ कीलहॉर्न यांनी, १८६६ ते १८८१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत असताना. येरवड्याचे ते कॉलेज आमच्यापासून फार दूर नाही. संदर्भलेखन कसे करावे हे शिकण्यासाठी आम्हांला इतक्या लांब जायचे कारण नव्हते.

ही तुलना ताणू नये, हे मला कळते. पाणिनीत संगणक होता असे म्हणणाऱ्यांची जी एक हौशी परंपरा आहे तिच्यात मला सामील व्हायचे नाही. माझे म्हणणे लहान आहे. न लिहिलेले पण लागू असलेले शब्द कसे समजावून द्यावेत, याचा मोठा सराव एका शास्त्राला आहे. ते शास्त्र आमच्या अभ्यासक्रमाच्या कडेला, चार गुणांच्या टिपेपुरते उरले आहे.

हा विचार मी तृतीय वर्ष कलाच्या वर्गात बोलून दाखवला. वर्गातला एक विद्यार्थी चाकण एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर रात्रपाळी करून सकाळी तासाला येतो. बहुतेक वेळा मागच्या बाकावर झोपतो आणि मी त्याला उठवत नाही. त्या दिवशी तो जागा होता. म्हणाला, "मॅडम, हे आमच्या मशीनवर पण आहे."

त्याने जे सांगितले ते असे. या पट्ट्यात सर्रास दिसणाऱ्या जपानी फॅनुक कंट्रोलवर प्रोग्रॅममध्ये नावांऐवजी नंबर असतात, पुढे हॅशची खूण. एक ते तेहतीस हे त्या त्या प्रोग्रॅमचे खाजगी. शंभरपासून एकशे नव्याण्णवपर्यंतचे सगळ्या प्रोग्रॅमना सामायिक, पण मशीन बंद केली की पुसले जाणारे. पाचशेच्या पुढचेही सामायिक, मात्र मशीन बंद करूनही टिकणारे. आणि हजारापासून पुढचे मशीनचे स्वतःचे : ३०११मध्ये आजची तारीख, ३०१२मध्ये वेळ, ३०००मध्ये काही टाकले तर अलार्म होऊन मशीन थांबते. "हजाराच्या पुढचे मशीन बोलते. पाचशेचे आपण बोलतो, पण कोण बोललं ते कळत नाही," हे त्याचे शब्द. पीएचपीच्या नऊ पेटाऱ्यांचे याहून नेमके वर्गीकरण मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

मग त्याने घडलेली हकीकत सांगितली. एका जॉबच्या प्रोग्रॅमने ५०१मध्ये फिक्श्चरची उंची ठेवली होती. दुसऱ्या शिफ्टला वेगळा जॉब लागला. त्याच्या प्रोग्रॅमने तोच ५०१ किती नग झाले ते मोजायला वापरला. रात्री पहिला जॉब पुन्हा लागला. हा पोरगा मशीनवर. ५०१मध्ये उंचीच्या जागी नगांची संख्या होती. टूल खाली आले ते थेट फिक्श्चरवर. स्पिंडलला दणका बसला, मशीन तीन दिवस बंद. चूक त्याची नव्हती, पण बटण त्याने दाबले होते, आणि पगार त्याचा कापला गेला.

त्यानंतर तिथल्या सेटरने एक वही केली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, मशीनच्या दाराला दोरीने बांधलेली. तिच्यात रकाने असे : नंबर, त्यात काय ठेवले, कोण लिहितो, कोण नुसता वाचतो, कधी पुसायचा. विद्यार्थ्याने मोबाइलवर तिचे एक पान मला दाखवले. "५०१, फिक्श्चर हाइट, फक्त सेटरने टाकायची, ऑपरेटरने हात लावू नये, जॉब बदलला की झिरो करून सही करणे." सेटरचे शिक्षण आयटीआयपर्यंत, अक्षर गिचमिड, 'झिरो'ची वेलांटी चुकलेली. परंतु 'अतिवैश्विक चर हे अंगभूत चर आहेत' या निर्दोष वाक्यापेक्षा ही ओळ कितीतरी पटीने मराठी आहे. तिच्यात कर्ता आहे, निषेध आहे, मुदत आहे आणि शेवटी सही आहे.

मी विभागात जाऊन ती पुस्तिका पुन्हा काढली. ती या वहीच्या घाटात बसवायची, असे आम्ही दोघींनी ठरवले. प्रत्येक पेटाऱ्याला चार प्रश्न : यात कोण भरतो, केव्हा भरतो, किती काळ टिकते, आणि यातले जसेच्या तसे छापले तर काय होईल.

इथे शब्दांचा वाद आला, तसा तो येतोच. आमच्या विभागातील एका ज्येष्ठांचे मत असे की, मराठीत करायचे तर नावेही मराठी हवीत. 'पोस्ट'ला 'प्रेषित', 'सेशन'ला 'सत्र'. शिवकाळात राजव्यवहारकोश झाला तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेच ना? दिले. पण त्या कोशातले किती शब्द पुढे पेशव्यांच्या दफ्तरात टिकले, हे मोडी वाचणाऱ्यांना विचारावे. भाषा संचालनालय १९६०मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर आलेल्या पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून टिंगल झाली. ती टिंगल मला काही अंशी अन्यायाची वाटते, कारण त्यातले कितीतरी शब्द आज आपण न अडखळता वापरतो. परंतु पदनाम बदलण्याचा अधिकार शासनाला होता. पीएचपीच्या पेटाऱ्याचे नाव बदलण्याचा अधिकार आम्हांला नाही. 'पोस्ट'च्या जागी 'प्रेषित' लिहिले तर प्रोग्रॅमला ते रिकामे चल वाटते. दिलेले नाव ते दिलेलेच राहणार.

नाव परके राहिल्याने काही बिघडत नाही, याचा गमतीदार पुरावा पीएचपीतच आहे. या भाषेचा गाभा नव्याने लिहिला तो इस्राएलच्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी. एकापुढे एक दोन विसर्ग ठेवल्यासारखे एक चिन्ह या भाषेत आहे, त्याचे अंतर्गत नाव त्यांनी हिब्रूत ठेवले, 'पामायिम नेकुदोतायिम'. चूक झाली की पडद्यावर हे नाव झळके आणि जगभरचे प्रोग्रॅमर बुचकळ्यात पडत. नाव आजही आहे. हिब्रू न येणाऱ्या लाखो लोकांनी ते पचवले, कारण त्याचा अर्थ कोणी तरी त्यांच्या भाषेत सांगितला.

जी नावे आपण स्वतः ठेवतो त्यांची गोष्ट वेगळी. पीएचपीत चलाचे नाव देवनागरीत ठेवता येते. डॉलरच्या खुणेपुढे 'गाव' किंवा 'शुल्क' लिहिले तर प्रोग्रॅम सुरळीत चालतो. हे माझ्या सहकारी बाईंनाही ठाऊक नव्हते. आम्ही करून पाहिले. त्यामुळे पुस्तिकेतल्या नमुन्यांत एक आपोआप फायदा झाला : रोमन दिसले की ते भाषेने दिलेले, देवनागरी दिसले की ते आपण ठेवलेले.

दुसरा आक्षेप संगणक विभागातून आला. मुलाखती हिंजवडीत इंग्रजीत होतात, मूळ संदर्भग्रंथ इंग्रजीत आहे, मुलांना मराठीची कुबडी कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या मुलीचे वडील लातूरहून येऊन भोसरीत वेल्डिंग करतात तिला इंग्रजी हवेच, आणि तिला ते नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण तोच संदर्भग्रंथ जपानी, रशियन, तुर्की, स्पॅनिश भाषांत आहे. तिथले प्रोग्रॅमर कुबडीवर चालतात असे कोणी म्हणत नाही. शिवाय पाठांतर आणि समज यांतला फरक आम्ही वहीत पाहिला होता. 'सुपरग्लोबल म्हणजे काय' या प्रश्नाचे इंग्रजी उत्तर सगळ्या वर्गाला तोंडपाठ होते. 'कुकीतला मजकूर कोण बदलू शकतो' असे मराठीत विचारल्यावर साठांपैकी चौघांनी हात वर केले. आजकाल हा प्रश्न विद्यार्थी सरळ चॅटजीपीटीला विचारतात. विचारावा. पण उत्तरात तो 'चर' पुन्हा येतो, आणि तो खटकावा एवढे मराठी तरी आधी असावे लागते.

पुस्तिका लिहिताना मी स्वतः एक चूक केली ती नोंदवते. 'सेशन'विषयी मी लिहिले होते : "हा पेटारा सर्व्हरवर राहतो, पाहुण्याचा हात तिथे पोहोचत नाही, म्हणून यातला मजकूर विश्वासाचा." वाक्य चांगले झाले म्हणून मी खूश होते. रात्रपाळीवाल्या विद्यार्थ्याला ते वाचायला दिले. तो म्हणाला, "पण मॅडम, त्यात टाकलं कोणी? पोस्टातनं आलेलं तपासल्याशिवाय सेशनमध्ये ठेवलं तर?" खरेच की. पेटी सुरक्षित असली म्हणून आतला माल खरा ठरत नाही. ऐकीव गोष्ट बखरकाराने कितीही जपून दप्तरात ठेवली तरी ती ऐकीवच. मी वाक्य बदलले : "यातला मजकूर तितकाच विश्वासाचा, जितका तो ठेवताना तपासला असेल."

आणखी एक रकाना आम्हांला मागाहून जोडावा लागला, तो तारखांचा. ही नावे चिरंतन नसतात. शेवटची चूक सांगणारे एक आयते चल होते, ते २०२०च्या ८.० आवृत्तीत गेले. अर्जाचा कच्चा मजकूर देणारे दुसरे एक त्याआधी २०१५च्या ७.० मध्येच गेले होते. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत मात्र मेलेली नावे जिवंतांच्या शेजारी बसलेली असतात, कारण वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही साथ ओळखीची आहे.

चार पानांची पुस्तिका आता अकरा पानांची झाली आहे. संगणक विभागाला ती लांब वाटते, आमच्या विभागाला ती साहित्यबाह्य वाटते, आणि दोन्ही विभागांच्या अहवालांत तिला जागा नाही. यंदाच्या वर्गात ती वापरायला घेतली आहे. मुखपृष्ठाच्या आत नावे कोणाची घालावीत यावर आमच्या दोघींत थोडी घासाघीस झाली. सेटरची परवानगी मागायला विद्यार्थ्याकडून निरोप धाडला, तर उत्तर आले की नाव नको, पण वहीतला शेवटचा रकाना तुम्ही घेतलेला नाही. मी पुन्हा पाहिले. सहीचा रकाना राहिला होता. तो आता आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विद्यार्थी प्रत्येक पेटाऱ्यापुढे, आतले तपासले की नाही ते लिहून, सही करतात.